पितळ म्हणून सांग

आमच्या दुकानात भाव ठरायचा तो विकायला आलेल्या माणसाच्या तोंडासमोर, पण मराठीत. तंजावूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी घरं बरीच होती, तरी जुनी भांडी विकायला येणारी माणसं तिथली नसत. ती ओरत्तनाडूकडून, पापनाशमकडून, डोक्यावर पोतं घेऊन बसनं येत. त्यांच्यासमोर मी आणि बायको काय वाटेल ते बोलू शकत होतो. गुरांच्या बाजारात दलालांना रुमालाखाली हात घालून बोटं दाबावी लागतात. आम्हांला देवानं अख्खी भाषा दिली होती.

ही नव्वदनंतरची वर्षं. गावोगावच्या स्वयंपाकघरांतून पितळ, तांबं, कासं बाहेर पडत होतं आणि स्टील आत जात होतं. सुनांना हलकं आणि चकचकीत हवं होतं, पाणी भरायला प्लास्टिकच्या घागरी आल्या होत्या. त्याच वेळी मद्रासची मोठी हॉटेलं काशाची जुनी भांडी दाराशी फुलं ठेवायला मागू लागली होती. हे खेड्यांत कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं. धंदा एवढ्याचाच असतो.

आमची पद्धत ठरलेली होती. मी भांडं उचलून बोटाच्या पेरानं ठोकायचो. पितळ लवकर गप्प होतं, कासं घंटेसारखं वाजत राहतं. वाजू लागलं की मी तळहात टेकवून आवाज मारायचो आणि बायकोला मराठीत सांगायचो, "कासंच आहे. तू पितळ म्हणून सांग. मी ओरडतो, तू तिची बाजू घे." मग मी तमिळमध्ये ओरडायचो, की असलं भंगार माझ्या दारात का आणता. बायको मध्ये पडायची, "असू द्या हो, उन्हातान्हाची आली आहे, थोडं जास्त द्या." ते थोडं जास्त आधीच ठरलेलं असायचं. बाई पितळेचा भाव घेऊन, बायकोला तोंडभर आशीर्वाद देत जायची.

ओरडणं मात्र सगळंच खोटं नसायचं. मला राग लवकर येतो. तोंड उघडेपर्यंत तो खोटा असायचा, उघडल्यावर खरा व्हायचा.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळेतून आली की दुकानाच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची. आमच्याकडच्या बहुतेक मुलांसारखी तीही मराठी बोलत नसे. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असं घर चालायचं. ती बोलत नाही म्हणजे तिला येत नाही, असं आम्ही धरून चाललो. ती उत्तरं देते म्हणजे तिला कळतं, एवढा साधा हिशेब मला सुचला नाही. माणूस धंद्यात हुशार असला म्हणून घरातही असतोच असं नाही.

मी कुठून आलो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा बाप आचारी होता. आमच्याच लोकांतल्या जमीनदारांच्या घरी, मुंजीला, लग्नाला, श्राद्धाला तो चुलीपाशी असायचा. त्याच्या हाताचं सगळी पंगत जेवायची आणि आम्ही शेवटच्या पंगतीला, तेही मागच्या अंगणात. ब्राह्मण तेही, ब्राह्मण आम्हीही. पण ज्याची जमीन पापनाशमला, त्याचं पान पुढे.

त्यांतल्याच एका घरचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याची भूमितीची पेटी हरवली. मास्तर आमच्यातलेच, मराठी बोलणारे. रोज सकाळी फळ्यावर एक सुविचार लिहायचे. ते वर्गभर एकदा नजर फिरवून म्हणाले, "आचाऱ्याच्या पोराची पिशवी बघा." पिशवीत काही नव्हतं. तरी छड्या मला बसल्या, विकली असशील म्हणून. पेटी त्या मुलाच्या स्वतःच्या हातून कालव्यात पडली होती. त्याला ते ठाऊक होतं आणि तो खाली मान घालून बसला. हे त्यानंच मला पंचवीस वर्षांनी एका लग्नात हसत हसत सांगितलं. "अरे, बाबा मारतील म्हणून गप्प बसलो. तुला काय, सवय होती!" माझ्या हातात तेव्हा कॉफीचा पेला होता. तो मी त्याच्या अंगावर फेकला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी दहावीनंतर शिकलो नाही. पोत्यावर भंगार मांडून सुरुवात केली आणि दुकान उभं केलं. देवनागरी वाचायला शिकलो तेही एका वकिलाकडच्या हिंदीच्या शिकवणीत, त्याची भांडी घासण्याच्या बदल्यात. म्हणून गावात नवी इंग्रजी शाळा निघाली तेव्हा मुलीला मी पहिल्याच वर्षी तिथं घातलं. पेटी हरवलेला तो मुलगा आता जमीनदार झाला होता, त्याचा पुतण्याही त्याच शाळेत, त्याच वर्गात होता. दोघं एकाच बाकावर बसतात हे ऐकून मला जेवण गोड लागलं होतं.

त्या शाळेत शुक्रवारी शेवटचा तास नीतिबोधनैचा असे, म्हणजे नीतिशिक्षणाचा. इतर वर्गांत तो तास गणिताच्या मास्तरांनी कधीच गिळला होता. सहावीला मात्र ओरत्तनाडूहून बसनं येणारी एक तरुण टीचर होती. तमिळ शिकवायची. तिची आई शेतात रोजानं जायची, घरातली शिकलेली ती पहिलीच. हे मला नंतर कळलं. तिनं नीतीचं पुस्तक बाजूला ठेवलं होतं. कोल्हा आणि द्राक्षं, लाकूडतोड्या आणि कुऱ्हाड, असलं काही ती सांगायची नाही. ती दर शुक्रवारी मुलांना एक प्रश्न विचारायची आणि मुलांनी उभं राहून उत्तर द्यायचं. तुमच्या रस्त्यावर पाणी शेवटी कुणाला मिळतं? तुमच्या घरी ओट्यावर न चढता खाली कोण बसतं? आणि मग, का?

त्या शुक्रवारी तिनं विचारलं, "ज्याचं नुकसान झालं पण त्याला स्वतःलाच कळलं नाही, असा माणूस कुणी पाहिलाय?"

आदल्याच आठवड्यात एक म्हातारी माझ्याकडे काशाचं पोंगलचं भांडं देऊन गेली होती, सुगीच्या सणाला गोड भात शिजवतात ते. चांगलं जाड, काठाला नक्षी. ती दोनदा म्हणाली, "ऐया, माझी आई म्हणायची हे वेंगलम आहे." वेंगलम म्हणजे कासं. मी म्हणालो, "तुझी आई प्रेमानं म्हणत असेल." बायको हसली, म्हातारीही हसली, आणि स्टीलचे दोन डबे घेऊन गेली.

माझी मुलगी वर्गात उभी राहिली आणि तिनं हे सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. माझं ओरडणं, आईचं मध्ये पडणं, तळहातानं आवाज मारणं. मराठी वाक्य तिनं मराठीत म्हटलं आणि मग त्याचा अर्थ सांगितला. घरात कधी न बोललेली मराठी ती पहिल्यांदा बोलली ती तिथं. वर्ग हसून लोटपोट झाला. टीचर हसली नाही. तिनं मुलांना विचारलं, "म्हातारीनं ती भाषा शिकायला हवी होती, की दुकानानं तिच्या भाषेत बोलायला हवं होतं?" मुलं तास संपेपर्यंत भांडली. कुणी म्हणालं, धंदा आहे. कुणी म्हणालं, चोरी आहे. कुणी म्हणालं, भांडं परत द्यावं. टीचरनं निकाल दिला नाही. घरी जाऊन विचार करा म्हणाली.

माझी मुलगी घरी येऊन मला काही बोलली नाही. त्या आठवड्यात ती दोनदा त्या भांड्यापाशी उभी होती एवढं मी पाहिलं. मला वाटलं, नक्षी बघतेय.

मला कळलं ते त्यानंतरच्या एका मुंजीत. मी पंगतीत बसत होतो. आता मला पहिल्या पंगतीत पान असायचं, मुंजीची मोठी भांडी माझ्याकडूनच यायची ना. समोरच्या पानावर तो जमीनदार बसला होता. मला पाहून तो वाढप्याला मोठ्यानं म्हणाला, "अरे, याच्यासमोर मराठी बोलू नकोस बाबा. लगेच वरणाचा भाव पडेल!"

पंगत हसली. मला कळेना. मग त्यानं पुतण्याकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, मीठ लावून. शेवटी म्हणाला, "पोरगी मात्र गुणाची निघाली हो. आचाऱ्याच्या घरात हरिश्चंद्र."

मी पानावरून उठलो. भरल्या पंगतीतून उठू नये हे मला शिकवायला कुणी नको होतं.

घरी मी मुलीला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "सांगितलंस?" मराठीत. ती तमिळमध्ये म्हणाली, "टीचरनं खरं सांगायला सांगितलं होतं." दुसऱ्या दिवशी मी तिला ओढत नाही, पण हात धरून शाळेत नेलं.

शाळेच्या मालकाला तिकडे करस्पाँडंट म्हणतात. हा माणूस आधी भाताची गिरणी चालवायचा, मग शाळेत जास्त आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची भांडी माझ्याकडून घ्यायची बोलणी चालू होती, आणि बाजारातल्या बऱ्याच दुकानदारांनी मुलं त्या शाळेत घातली होती ती माझ्या शब्दावर. आम्ही दोघं एकमेकांना चांगले ओळखत होतो.

मी आवाज चढवायच्या आधीच तो म्हणाला, "सार, बसा. कॉफी?"

"कॉफी नको. तुमच्या शाळेत आईबापांची चौकशी चालते का? पोलीस ठेवलेत का वर्गात?"

त्यानं टीचरला बोलावलं. ती आली, हातात खडू होता. मला वाटलं होतं तशी ती घाबरली नव्हती, पण खडू बोटांत फिरवत होती. माझी मुलगी दाराशी उभी होती.

मी भाव सांगितला. भावच म्हणतो, कारण मला दुसरं काही येत नाही. टीचरनं भर वर्गात सांगायचं, की या मुलीनं चुकीचं ऐकलं, तिला ती भाषा नीट येत नाही. मुलीनंही उभं राहून तेच म्हणायचं. नाहीतर बाजारातली मुलं उद्या दुसऱ्या शाळेत, आणि वसतिगृहानं भांडी दुसरीकडे बघावीत.

करस्पाँडंट लगेच म्हणाला, "त्यात काय, टीचर सांगतील. हो ना, टीचर?"

ती म्हणाली, "सार, मला मराठी येत नाही. तिनं चूक ऐकलं की बरोबर, मला कसं कळणार? तुम्हांलाच ठाऊक." आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही तिचे वडील. ती म्हणाली ते खोटं आहे, एवढं तुम्ही इथं, तिच्यासमोर म्हणा. मी सोमवारी वर्गासमोर माफी मागते. तिला काही बोलायला लावू नका, मी एकटीच मागते."

आयुष्यात मला इतका स्वस्त सौदा कुणी देऊ केला नव्हता. एक शब्द. मी दिवसातून वीस वेळा काशाला पितळ म्हणायचो. पण तेव्हा समोर उभं असलेल्या माणसाला ते कळत नसायचं. इथं दाराशी उभी असलेली पोर भांडं वाजताना ऐकून बसली होती.

टीचर वाट बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. मला आता वाटतं, मी खरं बोलेन असं तिला मनापासून वाटत होतं. तिची नोकरी त्यावरच होती आणि तरी तिनं ती माझ्या जिभेवर ठेवली. असल्या माणसांनी बाजारात येऊ नये. शाळेतही येऊ नये.

मला मास्तरांची छडी आठवली. तो जमीनदार पोरटा खाली मान घालून बसलेला आठवला. माझ्या बापाची मागच्या अंगणातली पंगत आठवली. माझ्यासाठी खरं बोलायला तेव्हा कोण उभं राहिलं होतं? मग आता सगळा न्याय माझ्याच दुकानापासून सुरू व्हायचा? जमीनदाराच्या पुतण्याला विचारलं का कुणी, त्यांच्या शेतात बायकांना रोज किती मिळतो?

मी म्हणालो, "खोटं आहे."

तमिळमध्ये म्हणालो, सगळ्यांना कळेल असं.

टीचर "बरं, सार" म्हणाली. मुलीकडे एकदा बघून ती वर्गावर गेली. करस्पाँडंटनं कॉफी मागवली आणि मी ती प्यालो.

सोमवारी तिनं शब्द पाळला. मुलीनं काही सांगितलं नाही, बाजारातल्या दुसऱ्या एका बापाकडून कळलं. टीचर वर्गासमोर उभी राहून म्हणाली, की मी एका कुटुंबाविषयी चुकीची चर्चा वर्गात होऊ दिली, मी माफी मागते. मुलं कुजबुजू लागली तेव्हा म्हणाली, "तुमच्या मैत्रिणीला कुणी काही विचारायचं नाही." महिना संपल्यावर ती शाळेत नव्हती. हे मी मागितलं नव्हतं. करस्पाँडंटनं आपणहून केलं, मला खूश करायला, सौदा झाल्यावर वर थोडं फुकट टाकावं तसं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तुम्हांला त्रास नको म्हणून हो, सार." मी नको म्हणू शकलो असतो. वसतिगृहाच्या भांड्यांची बोलणी चालू होती, मी म्हणालो नाही.

बायकोनं इतकंच विचारलं, "तिचं घर चालतं कशावर, माहीत आहे का तुम्हांला?" मी तिच्यावर ओरडलो. तू काय पंगतीत होतीस का म्हणालो, तू काय छड्या खाल्ल्यास का. ती म्हणाली, "छड्या टीचरनं नव्हत्या मारल्या."

त्यानंतर दुकानात कुणी भांडं घेऊन आलं की बायको आत निघून जायची. मी एकटाच ओरडायचो आणि एकटाच थोडं जास्त द्यायचो. लोकांना ते पटायचं नाही. आशीर्वादही कुणी देईना. म्हातारीचं भांडं मी मद्रासला पाठवून दिलं, ते घरात असेपर्यंत मुलगी त्या खोलीत जात नव्हती. ते परत द्यायचं तर म्हातारी कुठल्या गावची, हे मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी दिलं असतं का, ते मला सांगता येत नाही.

सहामाही परीक्षा आली. आता नीतिबोधनैचा तास पुन्हा पुस्तकातून चालायचा, वेगळी टीचर होती, आणि त्याचीही लेखी परीक्षा होती. तपासलेला पेपर पालकांच्या सहीसाठी घरी आला. मुलीनं तो गल्ल्यावर ठेवला. माझं इंग्रजी बेताचं, पण बोट ठेवून वाचता येतं.

एक प्रश्न होता, तुम्ही केलेली एक चूक आणि त्यातून शिकलेला धडा लिहा. तिनं लिहिलं होतं, मी एकदा वर्गात माझ्या वडिलांविषयी खोटं सांगितलं. माझे वडील प्रामाणिक व्यापारी आहेत. माझ्यामुळे माझ्या शिक्षिकेला माफी मागावी लागली. धडा, घरात ऐकलेलं बाहेर सांगू नये. अक्षर सुंदर, ओळी सरळ. बाजूला लाल शाईत बरोबरची मोठी खूण, आणि खाली 'छान' असं लिहिलेलं.

मी विचारलं, "हे असं का लिहिलंस?"

"पाच मार्कांचा प्रश्न होता, अप्पा," ती म्हणाली. "पाच मिळाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं, मी त्यातलाच माणूस आहे. ती घासाघीस न करता बोलत होती, ठरलेल्या भावाला माल देऊन मोकळं व्हावं तशी. अकरा वर्षांची होती.

"सही इथं," तिनं जागा दाखवली.

मी सही केली. तिनं शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली, घडी घातली आणि दप्तरात ठेवला. मग पुढच्या विषयाचा पेपर काढून माझ्यासमोर ठेवला, त्यावरही सही हवी होती.